पत्रा कुठला टाकायचा? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की पत्र्याचं छप्पर करणार असाल तर जे काय विचारायचं ते पत्रा घ्यायच्या आधी विचारा. झालं, पत्र्यावर इतकी पत्रं आली की टेबलावर जागा उरली नाही. त्यातली निम्मी "पत्रा टाकून झालाय, आता सांगा" अशीच आहेत, असो. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, आणि काही पत्रं चार-चार पानी होती ती कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : सर, वर्कशॉपसाठी साधारण १२ बाय २० मीटरची शेड करतोय. तीन कोटेशन आलीत. एक म्हणतो जीआय घ्या, दुसरा म्हणतो गॅल्व्हाल्यूम, तिसरा म्हणतो कलर कोटेड घ्या, बाकी सगळं जुनं झालं. तिघांनाही आपलाच माल चांगला वाटतो. मला खरं सांगायचं तर तिन्ही पत्रेच दिसतात. फरक काय आणि घेऊ कुठला?

उत्तर : तुम्हाला तिन्ही पत्रेच दिसतात ते बरोबरच आहे, कारण आतमध्ये तिन्हीत एकच पातळ स्टीलचा पत्रा असतो. फरक आहे तो वरच्या कोटिंगचा. आणि कलर कोटेड हा मुळात तिसरा प्रकारच नाही, तो खाली एकतर जीआय (गॅल्व्हनाइज्ड आयर्न, म्हणजे जस्त चढवलेला) असतो नाहीतर गॅल्व्हाल्यूम (ॲल्युमिनियम आणि जस्त मिळून चढवलेला), त्यावर कारखान्यात रंग लावून भट्टीत भाजलेला असतो. म्हणून तिसऱ्या माणसाला पहिला प्रश्न हा टाका, की रंगाच्या खाली काय आहे? तिथेच तो अडखळला तर पुढचं बोलणं जपून करा.

आता जरा मागे जाऊन सांगतो, म्हणजे हे कोटिंग प्रकरण डोक्यात बसेल. पन्हळी पत्र्याचं पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १८२९ मध्ये घेतलं. युक्ती भारी होती, सपाट पातळ पत्रा लवतो, त्यालाच नागमोडी वळण दिलं की तो स्वतःचं वजन पेलून वर वाऱ्याचा दाबही सोसतो. पण लोखंड ते लोखंडच, गंजायचं. १८३७ मध्ये सोरेल नावाच्या फ्रेंच माणसानं वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवायची पद्धत पेटंट केली, आणि तिथून जीआय पत्रा सुरू झाला. यात जस्त नुसतं पांघरूण म्हणून बसत नाही. पत्र्याला ओरखडा पडला, कापलेली कड उघडी राहिली, तरी आजूबाजूचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि स्टीलला वाचवतं. घरातला थोरला जसा आधी आपल्या अंगावर घेतो तसं. थोरला संपला की मग मात्र गंज धावत येतो.

गॅल्व्हाल्यूम बाजारात आला १९७२ मध्ये. त्याच्या कोटिंगमध्ये वजनानं ५५ टक्के ॲल्युमिनियम, साधारण ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन. ॲल्युमिनियम घट्ट पापुद्रा धरतं म्हणून सगळं कोटिंग एकदम झिजत नाही, आणि उरलेलं जस्त कडा-ओरखडे सांभाळतं. कड सांभाळायच्या बाबतीत शुद्ध जस्त थोडं सरस, पण एकूण आयुष्यात बहुतेक ठिकाणी गॅल्व्हाल्यूम कितीतरी पुढे जातो.

यात नाव बघून निर्णय घेऊ नका, वजन बघा. जीआयवर झेड २७५ असं लिहिलेलं असेल तर एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). झेड १२० असेल तर निम्म्याहून कमी, आणि दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत! गॅल्व्हाल्यूममध्ये एझेड १५० म्हणजे १५० ग्रॅम, पण ते कोटिंग हलकं असल्यामुळे जाडी तीच भरते, २० मायक्रॉनच्या आसपास. तेव्हा २७५ मोठा आकडा आणि १५० छोटा असं गणित कुणी मांडलं तर हसून सोडून द्या.

आता हे २० मायक्रॉन पुरणार किती? हवा किती खाते त्याची वर्गवारी आयएसओ ९२२३ या मानकात दिलेली आहे. साधी शहरी हवा, फार प्रदूषण नाही, तिला सी ३ म्हणतात, तिथे जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं. म्हणजे साधारण दहा ते पंचवीस-अठ्ठावीस वर्षं. सी ५ म्हणजे खारं वारं किंवा केमिकलची हवा, तिथे ४.२ ते ८.४ मायक्रॉन, म्हणजे तोच पत्रा अडीच ते पाच वर्षांत उघडा पडतो. पत्रा तोच हो, हवा बदलली! लोक म्हणतात आमच्या मामांच्या शेडवर जीआय वीस वर्षं टिकला, आमचा पाच वर्षांत गेला, कंपनीनं फसवलं. कंपनीनं फसवलंही असेल, पण आधी दोघांची हवा विचारा.

तुमच्या वर्कशॉपचं म्हणाल तर हवा साधी असेल आणि आत ॲसिडचं, बॅटरी चार्जिंगचं किंवा प्लेटिंगचं काम नसेल तर मी गॅल्व्हाल्यूमवरचा कलर कोटेड घेईन, एझेड १५०, आणि रंग साधा पॉलिस्टर न घेता सुपर ड्युरेबल पॉलिस्टर किंवा एसएमपी म्हणजे सिलिकॉन मिसळलेला. साधा पॉलिस्टर कडक उन्हात काही वर्षांनी पिठूळ होतो, हात फिरवला की बोटांना पावडर लागते. पीव्हीडीएफ नावाचा रंग सगळ्यात चिवट, रंग वर्षानुवर्षं तसाच राहतो, पण वर्कशॉपच्या छपराचा रंग बघायला वर कोण चढतंय? तो पैसा पत्र्याच्या जाडीत आणि स्क्रूमध्ये घाला. आत ॲसिडच्या वाफा असतील तर मात्र परत लिहा, तेव्हा हे सगळं उत्तर रद्द.

प्रश्न : दोन दुकानांत २४ गेजचा पत्रा बघितला. एकाचा हाताला जाड लागतो, एकाचा पातळ. दोघंही शपथेवर २४ गेज सांगतात. खोटं कोण बोलतंय?

उत्तर : कदाचित दोघंही खरं बोलतायत, गंमत तीच आहे. गेजची एकच पट्टी नाहीये. ब्रिटिश पट्टीत २४ गेज म्हणजे साधारण ०.५६ मिमी आणि अमेरिकेतल्या जीआय पत्र्याच्या पट्टीत २४ गेज म्हणजे ०.७० मिमी. त्यामुळे गेज हा शब्दच वापरू नका, मिलिमीटरमध्ये लिहून घ्या.

आणि मिलिमीटरमध्येही एक खोच आहे. ०.५० म्हणजे सगळं धरून ०.५० की नुसतं स्टील? सगळं धरून असेल त्याला टीसीटी म्हणतात, नुसत्या स्टीलला बीएमटी. कोटिंगचे दोन्ही बाजूंचे मिळून ०.०४ आणि रंगाचे ०.०३ च्या आसपास काढले की ०.५० च्या पत्र्यात स्टील उरतं ०.४३. ताकद ह्या ०.४३ ची, बाकीच्याची नाही. दोन कोटेशन शेजारी ठेवताना दोन्हीकडे बीएमटी लिहून मागा, पुष्कळदा "स्वस्त" कोटेशनचं गुपित तिथेच सापडतं. खिशात मायक्रोमीटर असेल तर फारच छान, दुकानदाराचा सूर लगेच बदलतो.

प्रश्न : काका, घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. आधीचा पत्रा गंजून जाळी झाला, तोही मधे नाही, वळचणीच्या खालून! पावसात भिजतो तो वरचा भाग चांगला आणि कोरडा राहणारा खालचा भाग गेला, हे कसं काय? आता ॲल्युमिनियम टाकू का? स्क्रू स्टेनलेसचे वापरा असं सगळे सांगतात.

उत्तर : तुमचं निरीक्षण फार बारीक आहे, पुष्कळ फॅब्रिकेटरांच्याही लक्षात येत नाही हे. वरच्या भागावरचं मीठ पाऊस धुवून नेतो. वळचणीच्या खाली पाऊस पोचत नाही पण खारा वारा पोचतो, मीठ साठत जातं, रात्री हवेतला ओलावा ओढतं आणि तिथल्या तिथे पत्रा खात बसतं. म्हणून समुद्राजवळ कुठलाही पत्रा टाका, ज्या ठिकाणी पाऊस लागत नाही त्या जागा साध्या गोड्या पाण्यानं अधूनमधून पाइपनं धुवायच्या. फुकटचा उपाय आहे आणि कुणी करत नाही.

ॲल्युमिनियम, हो, टाका. खाऱ्या हवेत तो स्टीलच्या पत्र्यापेक्षा पुष्कळच बरा, वजनही स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याचं. पण दोन गोष्टी सांभाळा. तो मऊ असतो, चालताना मधोमध पाय पडला की खळगा पडतो, त्यामुळे जाडी स्टीलपेक्षा जास्त घ्यावी लागते आणि पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे दांडे, जवळ जवळ लागतात. दुसरं म्हणजे तो तापला की स्टीलच्या जवळजवळ दुप्पट वाढतो. दहा मीटरचा पत्रा ५० अंशांनी तापला तर स्टील ६ मिमी वाढतं, ॲल्युमिनियम साडेअकरा. भोकं घट्ट असतील तर ही वाढ भोकांवरच निघते. आणि लोखंडी पर्लिनवर थेट टेकवू नका, मधे टेप किंवा रबराची पट्टी हवी, नाहीतर ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

स्क्रूचं मात्र सरसकट "स्टेनलेस वापरा" हे अर्धवट ज्ञान आहे. जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्याला चांगल्या ग्रेडचे स्टेनलेस चालतात. पण तेच स्टेनलेस गॅल्व्हाल्यूमच्या पत्र्यात समुद्राजवळ मारले तर स्क्रू तसाच चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवतीचं ते २० मायक्रॉनचं कोटिंग संपतं. तिथे पत्र्याच्या कोटिंगशी जुळणारे, जाड कोटिंगचे स्क्रूच हवेत. समुद्राजवळ स्टीलचाच पत्रा टाकायचा ठरला तर खास समुद्री हवेसाठी केलेला आहे का ते विचारा आणि वॉरंटीचा कागद वाचा, किनाऱ्यापासून अमुक अंतराच्या आत वॉरंटी नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि पाच मिनिटांच्या अंतरावर तुम्ही नक्कीच त्यात येता.

प्रश्न : छपरावर वीज पडायचं प्रमाण पत्र्यामुळे वाढतं का? शेजारी घाबरवतात.

उत्तर : नाही. वीज उंची बघते, आजूबाजूच्यात उंच काय ते बघते, पत्रा आहे म्हणून वाकडी वाट करून येत नाही. उलट पत्रा जळत नाही. पण अर्थिंग नीट करून घ्या, ते शेजाऱ्यांच्या भीतीसाठी नाही, तुमच्यासाठी.

प्रश्न : वरच्या मजल्यावर पत्र्याच्या दोन खोल्या काढतोय, मुलं तिथे अभ्यास करतील. उन्हाळ्यात भट्टी होईल आणि पावसात कान बधिर होतील असं सगळे म्हणतात. पफ पॅनल टाकू की साध्या पत्र्याखाली काहीतरी लावू? हिला गडद चॉकलेटी रंग हवाय, मला पांढरा.

उत्तर : रंगाच्या भांडणात मी तुमच्या बाजूनं आहे, वहिनींना सांगू नका. नवा पांढरा पत्रा उन्हातली साठ-सत्तर टक्के उष्णता परत फेकतो, गडद चॉकलेटी किंवा काळा जेमतेम दहा टक्के. काही गडद रंगांत आता उष्णता परतवणारी पिगमेंट घालतात, तसा मिळाला तर तडजोड होईल, पण तो पांढऱ्याच्या जवळ जात नाही. एक गैरसमज इथेच काढून टाकतो. बिनरंगाचा चकचकीत पत्रा थंड राहतो असं वाटतं कारण तो ऊन परतवतो. परतवतो खरं, पण जेवढं शोषून घेतलं ते बाहेर सोडायला तो फार कंजूष असतो. म्हणून तोच पत्रा पांढरा रंगवला की हातात फरक कळतो.

आता आत काय. राहायच्या खोल्या आहेत तर नुसता पत्रा नकोच. पफ पॅनल म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम, ५० मिमीचं पॅनल उष्णता छान अडवतं, काम लवकर होतं, आणि आवाजही कमी होतो कारण पत्रा मागून धरलेला असल्यामुळे ढोलासारखा वाजत नाही. एकच अडचण सांगायलाच हवी, हा फोम आगीत पेटतो आणि धूर विषारी असतो. मुलांच्या खोल्या आहेत म्हणून मी त्याच जागी पीआयआर म्हणजे त्यातल्या त्यात कमी पेटणाऱ्या फोमचं किंवा सरळ रॉकवूलचं पॅनल बघेन, रॉकवूल जळतच नाही. ते जड असतं आणि उष्णता अडवायला थोडं कमी पडतं म्हणून जाडी जास्त घ्यावी लागते. तेवढं करा.

स्वस्तात करायचं असेल तर पत्रा, त्याखाली ग्लासवूलची गादी पत्र्याला चिकटून, आणि खाली फॉल्स सीलिंग. गादी पत्र्याला टेकलेली असली तर पावसाचा आवाजही दबतो, मधे पोकळी ठेवली तर तेवढा दबत नाही. चंदेरी फॉइल लावून देतो म्हणणारे बरेच येतील. ते फॉइल चालतं, पण त्याच्या एका बाजूला इंचभर मोकळी हवा असली तरच. पत्रा आणि फळीच्या मधे दाबून बसवलं तर ते नुसतं चमकतं, काम काही करत नाही.

हो, आणि थंडीत पहाटे खोलीतली दमट हवा थंड पत्र्याला आतून लागून पाणी टपकतं, लोक त्याला गळती समजतात आणि वर जाऊन सिलिकॉन फासत बसतात. आढ्याखाली हवा जायला वाट ठेवा.

प्रश्न : चार वर्षं झाली, आता प्रत्येक स्क्रूपाशी गळतंय. पत्रा चांगला आहे, गंज नाही. फॅब्रिकेटर म्हणतो पत्राच बदला आणि या वेळी स्टँडिंग सीम टाका. खरंच गरज आहे का?

उत्तर : या पत्रानं मला माझीच आठवण झाली. बरीच वर्षं झाली, मी स्वतःच्या शेडचं छप्पर घाईत करून घेतलं, करणारा मुलगा ड्रिल मशीन पूर्ण ताकदीनं दाबत होता, मी खाली उभा राहून "वा, काय घट्ट बसतंय" म्हणत होतो. दुसऱ्या पावसाळ्यात बादल्या मांडल्या. वर जाऊन बघितलं तर स्क्रूखालचे रबरी वॉशर चिरडून बाहेर आलेले, काही तर फाटून गेलेले. घट्ट म्हणजे चांगलं हे डोक्यातून काढून टाका. वॉशरचं रबर धातूच्या टोपीच्या कडेला किंचित फुगलेलं दिसलं की थांबायचं. बाहेर आलं तर जास्त झालं, टोपी हातानं फिरली तर कमी झालं.

तुमचा पत्रा चांगला असेल तर सगळा बदलायची काही गरज दिसत नाही. आधी एक-एक स्क्रू बघा. तिरका मारलेला आहे का, वॉशर कडक होऊन तडकलाय का. चांगल्या ईपीडीएम रबराचे वॉशर असलेले, आधीपेक्षा एक माप जाड स्क्रू घेऊन जुन्या भोकातच बदला. सिलिकॉन नुसतं वरून थापू नका, उन्हात वर्षभरात सुटतं आणि मग खरं भोक कुठलं तेच कळत नाही. वर चढताना मात्र पाय पर्लिनच्या रेषेवरच, आणि ओल्या पत्र्यावर अजिबात नाही.

स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारायचा की खाली सपाटीत, यावर दोन कारागीर भेटले की वाद ठरलेला. माथ्यावर मारला तर भोक पाण्याच्या वर राहतं, पण खाली पोकळी असल्यामुळे जरा जास्त दाबला की माथा चेपतो. सपाटीत मारला तर पत्रा पर्लिनवर घट्ट बसतो पण भोकावरून पाणी वाहत राहतं, सगळा भरवसा वॉशरवर. मी जोरदार पावसाच्या ठिकाणी माथ्याच्या बाजूचा आहे, पण हाताला सवय असलेला माणूस हवा.

आता स्टँडिंग सीम. यात पत्र्याला भोकच पाडत नाहीत. शेजारशेजारच्या पत्र्यांच्या उभ्या कडा एकमेकींत अडकवून वळवतात, आणि पत्रा खालून क्लिपनी धरलेला असतो. क्लिप लपलेली, पत्रा तापून वाढला की तिच्यावरून सरकतो, कुठे ताण नाही. जोड पाण्याच्या वर उभा. त्यामुळे अगदी कमी उतारालाही चालतो, आणि पुढे सोलर पॅनल लावायचे झाले तर त्या उभ्या कडेला चिमट्यासारखे क्लॅम्प लावता येतात, तिथेही भोक नाही. हे सगळं खरं. पण तो महाग आहे, आणि तो बसवणारा शिकलेला माणूस लागतो, स्क्रूचा पत्रा टाकणारा कुणीही "जमेल की" म्हणून हात घालतो आणि मग कोपऱ्यात, आढ्याला, भिंतीला लागून गळायला लागतं. सपाट पट्ट्यांवर उन्हात लाटा दिसतात, तो फक्त दिसण्याचा दोष, त्यावरून भांडू नका.

तर मी कधी स्टँडिंग सीम घेईन? उतार पाच अंशांहून कमी असेल, पत्रे फार लांब असतील, किंवा वर सोलर येणार असेल तेव्हा. तुमचा उतार तुम्ही लिहिलेलाच नाही! एक मीटरच्या आडव्या अंतरात छप्पर किती सेंटिमीटर उतरतं ते मोजा. नऊ सेंटिमीटरच्या आसपास म्हणजे पाच अंश. त्याच्या वर असाल तर स्क्रू बदला आणि निवांत झोपा. आढ्याचं पाणी वळचणीला जाणारच आहे, फक्त वाटेत त्याला थांबायला जागा देऊ नका.

फॅब्रिकेटरांसाठी जाता जाता अजून एक. १९७४ च्या नाताळात ट्रेसी चक्रीवादळानं ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर जवळजवळ साफ केलं. नंतर तपासलं तेव्हा दिसलं की कित्येक छपरांचे पत्रे एका झटक्यात उडाले नव्हते. वाऱ्यानं वर-खाली, वर-खाली होऊन स्क्रूच्या डोक्याभोवती पत्र्याला तडे गेले, आणि मग पत्रा स्क्रू तिथेच ठेवून निघून गेला. कडा, कोपरे आणि आढं इथे वारा सगळ्यात जास्त उचलतो, त्या पट्ट्यात स्क्रू दुप्पट मारा. मधे सारखे आणि कडेला सारखे ही चूक सर्रास दिसते.

प्रश्न : गायींचा बंदिस्त गोठा करतोय. गॅल्व्हाल्यूम सगळ्यात टिकाऊ म्हणून तोच घेतो, बरोबर ना?

उत्तर : थांबा थांबा, नेमकं इथेच नाही. शेण-मुताच्या अमोनियाची दमट हवा ॲल्युमिनियम असलेल्या कोटिंगला सोसत नाही, वॉरंटीतही जनावरांच्या बंदिस्त शेड वगळलेल्या असतात. जाड जस्ताचा जीआय घ्या आणि आतल्या बाजूलाही चांगला रंग असलेला घ्या. कलर कोटेड पत्र्याच्या पाठीला रंग फार पातळ असतो, आणि गोठ्यात हल्ला पाठीवरच होतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाजू मोकळ्या आणि आढं उघडं ठेवा, वाफ वर जाऊन निघून गेली पाहिजे. बंदिस्त गोठा हा शब्दच मला पटलेला नाही, पण ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मी आर्किटेक्चरला शिकते. तांबं आणि झिंकची छपरं शंभर-शंभर वर्षं टिकतात म्हणतात. मग स्टीलच्या मागे का लागायचं? आणि एकाच इमारतीत तांबं आणि गॅल्व्हाल्यूम दोन्ही वापरलं तर?

उत्तर : टिकतात बाई, नक्की टिकतात. पॅरिसची ती करडी छपरं झिंकचीच, आणि तिथल्या झिंक कारागिरांचं कसब २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. पण त्यात "कारागीर" हा शब्द मोठा आहे. झिंक खालून ओलं राहिलं की आतून कुजतं, त्याच्याखाली हवा खेळती ठेवावी लागते, वळवायची पद्धत वेगळी, थंडीत वाकवलं तर तडकतं. माल परवडला तरी हात परवडत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र सरळ नाही. तांब्यावरून वाहून आलेलं पाणी जस्तावर किंवा गॅल्व्हाल्यूमवर पडलं की तांब्याचे कण तिथे बसून भोकं पाडतात. उलट, म्हणजे गॅल्व्हाल्यूमवरचं पाणी तांब्यावर, चालतं. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आठव, बाहेर २.४ मिमीचा तांब्याचा पत्रा आणि आत लोखंडी पट्ट्या. दोघांच्या मधला थर झिजला, लोखंड गंजून फुगलं, आणि १९८०च्या दशकातल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या काढून स्टेनलेसच्या घातल्या. पुतळ्याचं सोड, मी एका ऑफिसच्या छपरावर बघितलंय, एसीच्या तांब्याच्या नळ्यांवरचं पाणी गॅल्व्हाल्यूमवर टपकत होतं, बरोबर त्या रेषेत चाळण झाली होती. दोष पत्र्याला दिला गेला, अर्थात.

आणि एक उलटी गंमत परीक्षेला उपयोगी पडेल. गॅल्व्हाल्यूम किंवा रंगीत छपराखाली साधं जीआयचं गटर लावलं तर ते लवकर गंजतं. छपरावरून येणारं पाणी इतकं निर्मळ असतं की जस्तावर त्याचा संरक्षक थर धरतच नाही. छप्पर तसं गटर, हे ड्रॉइंगमध्ये लिहायचं.

प्रश्न : घरावर जुना सिमेंटचा, म्हणजे ॲस्बेस्टॉसचा पत्रा आहे. काढून नवा टाकू की त्याच्यावरच नवा पत्रा बसवू? मुलगा म्हणतो आम्हीच फोडून काढतो रविवारी.

उत्तर : मुलाला थांबवा, आजच. फोडणं, कापणं, ड्रिल मारणं, घासणं, यातलं काहीही नको, त्याचे तंतू श्वासात गेले की फुफ्फुसांचा त्रास होतो, आणि तो वीस-तीस वर्षांनी दिसतो. वरून नवा पत्रा बसवायचा म्हणजे जुन्याला ड्रिल मारावंच लागतं, म्हणून मला तेही पटत नाही. शिवाय जुना पत्रा ठिसूळ झालेला असतो, त्यावर पाय दिला की माणूस खाली. जे हेच काम करतात त्यांच्याकडून, पत्रा ओला करून, अख्खा उतरवून, गुंडाळून न्यायला लावा. नवा पत्रा हलका आहे म्हणून जुनाच सांगाडा चालेल असं कुणी म्हणेल, तर वजनाला चालेल, पण हलकं छप्पर वारा उचलतो, तेव्हा सांगाडा भिंतीला नीट बांधलाय का ते बघा.

प्रश्न : पत्रे आणून ठेवलेत, काम महिन्यानं सुरू होणार. वरून ताडपत्री घट्ट गुंडाळलीये. काल बघितलं तर कडेला पांढरी बुरशी. माल खराब दिलाय का?

उत्तर : बुरशी नाही ती, पांढरा गंज आहे, आणि माल चांगला असावा. एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांच्या मधे पाणी अडकलं आणि हवा मिळाली नाही की जस्त असं पांढरं होतं. गॅल्व्हाल्यूम असता तर काळा पडला असता. घट्ट गुंडाळलेल्या ताडपत्रीनंच ओलावा आत कोंडला. आत्ताच सोडा, पत्रे वेगळे करून कोरड्या फडक्यानं पुसा, मग जमिनीपासून वर, एका टोकाला उंच असे तिरपे ठेवा, ताडपत्री सैल आणि बाजू उघड्या. पांढरं वरवर असेल तर ब्रशनं निघतं. खाली काळपट किंवा लालसर दिसलं तर तेवढे पत्रे बाजूला काढून छपरावर न लावता दुसरीकडे वापरा.

आणि काम सुरू होईल तेव्हा पत्रा ग्राइंडरनं कापू देऊ नका. ठिणग्या रंग जाळतात आणि लोखंडाचा भुसा पत्र्यावर बसून दुसऱ्याच दिवशी लाल ठिपके पडतात. कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरायला लावा, आणि संध्याकाळी छपरावरचा सगळा भुसा मऊ झाडूनं झाडूनच माणसांना खाली उतरू द्या.